रांगणारे व्याही

कोणाच्याही घरी पाहुणा म्हणून गेल्यावर खुर्चीवर बसायच्या आधी पलंगाखाली शिरणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा व्याही होता. त्यांच्याबद्दल खरं काय ते सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. लग्नात, गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला, विहारातल्या जेवणावळीत त्यांचा विषय निघाला की मी एखादा गमतीचा किस्सा सांगायचो, लोक हसायचे, आणि जिथून पुढे बोलायला हवं तिथे मी पाणी प्यायला उठायचो. आता आमच्या नंदनवन वस्तीतल्या विहाराची स्मरणिका निघते आहे. समितीतली मुलं येऊन म्हणाली, "काका, तुमच्या ईवायावर दोन पानं लिहून द्या. मजेदार लिहा." ईवाई म्हणजे व्याही, आमच्याकडे असंच म्हणतात. मजेदार लिहितोच. त्या माणसाबद्दल रडकं लिहिणं कठीणच आहे. पण या वेळी पाणी प्यायला उठायचं नाही, एवढं ठरवून बसलो आहे.

त्यांचं मला पहिलं दर्शन झालं ते तळपायांचं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरवण्याआधी मंडळी आमचं घर पाहायला आली होती. मी सरबताचा ट्रे घेऊन बैठकीत आलो तर पाहुण्यांच्या रांगेत मुलीच्या बापाचीच जागा रिकामी, आणि दिवाणाखालून दोन तळपाय बाहेर आलेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ईनबाई, शांतपणे पोहे खात होत्या. "पाहू द्या त्याईले," त्या मला म्हणाल्या. "घरीही तसंच करते." थोड्या वेळाने व्याही मागे सरकत सरकत बाहेर आले. केसांत जाळं, कोपरांना धूळ. त्यांनी माझ्या बायकोच्या चांगल्या काचेच्या बशीत एकेक वस्तू मांडली: एक सेफ्टी पिन, एक गोटी, घड्याळाचा गोल सेल आणि उंदराच्या औषधाची अर्धी वडी. "एका खोलीत इतकं निघालं," ते म्हणाले. "सोयरीक पक्की समजा. पण हे आवरा." मी जरा चिडूनच विचारलं, "अहो, तुम्ही मुलगा पाहायला आलात की घराची झडती घ्यायला?" तर म्हणाले, "पोरगा पोरीनं पाहिला. मी घर पाहून राहिलो. उद्या लेकरू होईन, ते काही उभ्यानं येणार नाही. रांगतच येईन. तं रांगूनच पाहा लागते ना." घराच्या स्वच्छतेचा मोठा अभिमान असलेली माझी बायको त्यानंतर दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. लग्नात तिने त्यांना वाढलं, पण वाढताना भिंतीकडे पाहत होती.

व्याही कळमन्याच्या बाजारात मापारी होते. धान्याचं पोतं काट्यावर चढवायचं, वजन बोलायचं आणि पोत्याचं तोंड सुतळीने बांधून टाकायचं, हे काम त्यांनी उभी हयात केलं. त्यांची गाठ बाजारात प्रसिद्ध होती. दोन वेढे, एक फासा आणि बाहेर सोडलेलं एक टोक. ते टोक ओढलं की गाठ एका झटक्यात सुटायची. दुसरीकडून कितीही ओढा, आणखी आवळायची. "माह्या गाठीचं पोतं कोणी सोडून पुन्हा बांधलं तं मले दुरून समजते," असं ते सांगायचे, आणि त्यात फुशारकी नव्हती. लिहिणारा माणूस जसा आपलं अक्षर ओळखतो, तशी ते गाठ ओळखायचे. मुलांच्या अपघातांचं हे वेड त्यांना कुठून लागलं, हे मात्र कोणाला नीट ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याला ते दर वेळी वेगळं कारण सांगत. मला एकदा एवढंच म्हणाले, "हमालाच्या बायका लेकरं पोत्याच्या थप्पीच्या सावलीत झोपवते, ईवाई. आणि थप्पी कधी कधी घसरते."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी असायची. "जे डबीत जाते, ते गळ्यात जाते," हा त्यांचा सिद्धांत. समोर येईल ती वस्तू ते त्या डबीत घालून पाहायचे. सुपारी, शेंगदाणा, पेनाचं टोपण, खेळण्यातल्या गाडीचं चाक, बोरं, आणि एकदा तर माझ्या कचेरीतल्या साहेबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात साहेबांना भेट दिलेली चांदीची छोटी बुद्धमूर्ती. मूर्ती डबीत गेली. व्याह्यांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावून साहेबांना परत दिली आणि नम्रपणे म्हणाले, "उंचावर ठेवजा साहेब. नातवाच्या हाती देऊ नका." चहाच्या बाबतीत तर ते फारच कडक. मांडीवर मूल असलेल्या माणसाच्या हातात त्यांनी कधी कप टिकू दिला नाही. "दोघातलं एक घ्या. चहा घ्या नाही तं लेकरू घ्या," असं म्हणत ते कप काढून घ्यायचे, आणि बरेचदा तो चहा स्वतः पिऊन टाकायचे. दिवसाकाठी त्यांचा निम्मा चहा असा जप्तीचा असायचा.

संक्रांतीच्या दिवसांत गुलुबंदांची एक पिशवी खांद्याला लावून ते चौकात उभे राहायचे. पतंगांच्या मांजाने गळे कापतात, आणि स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल नेमकं गळ्याने मांजाला सामोरं जातं, हे त्यांचं म्हणणं. स्कूटर दिसली की हा माणूस आडवा. "थांब गा," म्हणून थांबवायचं, आणि ओळख ना पाळख, पोराच्या गळ्याला गुलुबंद गुंडाळून मोकळं व्हायचं. एकदा एक तरुण बाप भडकला. "ओ काका, पोट्ट्याचा जीव घेता काय गुदमरवून?" व्याही म्हणाले, "गुदमरन तं रडन. रडन तं तुले ऐकू येईन. मांजा लागला तं ऐकू येणार नाही, बापू." बाप गुलुबंदासकट निघून गेला. संध्याकाळी पिशवी रिकामी असायची. ते सगळे गुलुबंद ईनबाई वर्षभर विणत. "या माणसानं मले गिरणी कामगार करून ठेवलं," असं त्या म्हणायच्या, आणि पुढच्या संक्रांतीसाठी टाके घालत राहायच्या.

मुलगी आमच्या घरी दिल्यावर ते आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहायला आले, आणि मग विहारात दर रविवारी वंदनेनंतर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. समितीने त्याला बाल सुरक्षा उपक्रम असं भारदस्त नाव दिलं. वस्तीत सगळे त्याला रांगण म्हणायचे. मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेलो, मला अर्ज आणि पत्रं लिहिता येत, म्हणून उपक्रमाचा अध्यक्ष मी. राबणारे ते. ते आयाबायांना, बापांना, माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या आजोबांना सतरंजीवर रांगायला लावायचे. "खाली व्हा बापा, अजून खाली. आता काय दिसून राहिलं सांगा." कोणाला लोंबणारी वायर दिसायची, कोणाला टेबलाचा टोकदार कोपरा. एका बाईला तिच्या सासूच्या पायातली जोडवी दिसली आणि सासू म्हणाली, "चांगलं झालं वं, कधी तं खाली पाहिलं." एका रविवारी त्यांनी थाळीत कच्चं अंडं फोडलं आणि त्यावर खळखळ उकळता चहा ओतला. पांढरं पांढरं होऊन अंडं आकसलं. "हे लेकराचं कातडं," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी विहारात कोणी चहा घेतला नाही. त्यानंतर आमच्या वस्तीत चहाची भांडी ओट्याच्या कडेवरून मागे सरकली ती कायमची.

आता कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि त्याच कूलरच्या पाण्यात मुलं होड्या सोडतात. पत्र्यात वीज उतरलेली असली की संपलं. होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येत आणि व्याही टेस्टर घेऊन घरोघर फिरत. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, अर्थिंगची वायर नसेल तर कूलर लावायचाच नाही, पंप जुना झाला तर बदलायचा. जो कूलर त्यांच्या पसंतीला उतरेल, त्याच्या नळाला ते हिरवी सुतळी बांधायचे. होळीत उरलेल्या हिरव्या रंगात ईनबाई सुतळीचा गुंडा बुडवून ठेवत, आणि गाठ अर्थात पोत्याचीच. मुलांना त्यांनी शिकवलं होतं: "सुतळी नाही, तं जवळ जायचं नाही." मुलंही अशी बेरकी, की ज्या घराला सुतळी नाही त्या घरी खेळायला जात नसत, आणि मग त्या घरची आई दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन शोधत फिरायची. माझी नात तेव्हा सहा वर्षांची; मुलगा आणि सून शेजारच्याच गल्लीत वेगळे राहत. ती कोणाच्याही घरी गेली की हात पाठीमागे बांधून आधी कूलरभोवती एक प्रदक्षिणा घालायची आणि नळापाशी वाकून पाहायची. अगदी आपल्या आबाजीसारखी, म्हणजे व्याह्यांसारखी.

त्या वर्षी व्याह्यांनी माझा कूलर नापास केला. टेस्टरचा दिवा पत्र्याला लागताच पेटला. "अर्थिंग नाही, पंपही गेला. दोन्ही करा, मंग बांधतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी अध्यक्ष आहे." ते हसले. "कूलरले सांगा तसं." आठवडा गेला. एप्रिलात इलेक्ट्रिशियन सापडत नाही. येतो येतो म्हणतो आणि येत नाही. सुतळी नाही म्हणून आम्ही कूलर बंद ठेवला आणि घामाने भिजत बसलो. इकडे वस्तीत गंमत सुरू झाली. पानठेल्यावर एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "अध्यक्षाचाच कूलर नापास, आन् आमाले रांगाले लावते." रविवारी समितीची बैठक माझ्या घरी होती. उपक्रमाचं सामान ठेवलेल्या विहारातल्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. शनिवारी सकाळी मी कपाटातून हिरव्या सुतळीचा एक तुकडा कापून आणला आणि माझ्या कूलरच्या नळाला बांधला. मनाशी म्हटलं, सोमवारी इलेक्ट्रिशियन येणारच आहे, दोन दिवसांचा प्रश्न. आणि सुतळी बांधल्यावर, उकाडा फार होता म्हणून, मी कूलर सुरूही केला. बायकोला वाटलं, ईवाई येऊन गेले असतील.

दुपारी नात आली. मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो, पण मला तिची पावलं ऐकू येत होती. तिने नेहमीसारखी प्रदक्षिणा घातली. नळापाशी थांबली. मग मागे बांधलेले हात सोडले. हातात कागदाची होडी होती.

माझ्या बायकोने मेन स्विच खाली ओढला म्हणून नात वाचली. वीज तुटताच ती मागे उंबऱ्यावर फेकली गेली, मनगट मोडलं, उजव्या हाताची दोन बोटं भाजली. दवाखान्यात तिने डोळे उघडेपर्यंतचा वेळ मला आजही मोजता येत नाही. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते आपल्या आईला: "मी पाहिलं होतं. सुतळी होती."

संध्याकाळी तिला झोप लागल्यावर माझा मुलगा आणि व्याही माझ्या घरी कूलर पाहायला आले. शेजारचे चारपाच जण जमलेच होते. मुलगा सासऱ्यांना मामाजी म्हणायचा. तो कधी त्यांच्याशी वर तोंड करून बोलला नव्हता; त्या दिवशी बोलला. "मामाजी, सुतळी तं आहे. तुम्ही पुन्हा पाहिला होता ना हा कूलर?" व्याही नळापाशी उकिडवे बसले. त्यांनी सुतळीचं एक टोक ओढलं. गाठ सुटली नाही. दुसरं ओढलं. ती आणखी आवळली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, काट्यावरचं वजन वाचायला लागतो तेवढाच. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, कोणासाठी आणला होता ते आठवत नाही. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. व्याह्यांनी खिशातून चाकू काढला, सुतळी कापली, तो तुकडा काळ्या डबीत टाकला आणि झाकण लावलं. "हाव, पाहिला होता," ते माझ्या मुलाला म्हणाले. "माह्याच नजरेतून सुटलं असन."

मग काय व्हायचं ते झालं. लोक वाईट नसतात, पण घाबरतात. "बुढ्याले आता दिसत नाही," असं आधी हळू आणि मग मोठ्याने बोललं गेलं. आठवड्याभरात घराघरांतल्या हिरव्या सुतळ्या लोकांनी कापून टाकल्या. पुढच्या रविवारी रांगणाला दोन बायका आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी सतरंजी घातलीच नाही. अध्यक्ष म्हणून उपक्रम बंद झाल्याचं पत्र मीच लिहिलं, चांगल्या अक्षरात. पावसाळ्याआधी व्याही नंदनवन सोडून मौद्याजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. सुनेने वडिलांना एका शब्दाने दुखावलं नाही, पण पुढे कित्येक दिवस तिने मुलीला एकटीला त्यांच्याजवळ सोडलं नाही. ते त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

मी तीनदा मौद्याला गेलो. नागपूर ते मौदा बसच्या प्रवासात एकच वाक्य घोकत गेलो. पहिल्या खेपेला ते घरी नव्हते. गावातल्या अंगणवाडीच्या फरशीवर रांगत होते. मला पाहून म्हणाले, "आले का ईवाई? या, त्या कोपऱ्यातून सुरू करा." मी धोतर सावरत तासभर रांगलो, एक खिळा आणि दोन बिया शोधून दिल्या, आणि वाक्य तसंच घेऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला ते गावच्या विहिरीवर जाळी बसवण्यासाठी सरपंचाशी भांडत होते. मला कागद-पेन देऊन म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, अर्ज लिहा." मी अर्ज लिहिला. जाळी बसली असं पुढे कळलं. तिसऱ्या खेपेला ते खाटेवर होते. आवाज गेला नव्हता, पण दम पुरत नव्हता. ईनबाई माझ्या हातात चहा देऊन आत गेल्या. आता नाही तर कधी नाही, हे मला समजत होतं. मी म्हटलं, "ईवाई, त्या दिवशीची ती सुतळी..." त्यांनी हात वर केला. स्कूटर थांबवायचे तसाच.

"पोरगी येते ना तुमच्या घरी?" त्यांनी विचारलं.

"येते."

"एकटी येते?"

"हो. शाळेतून आधी आमच्याचकडे येते."

"मंग झालं ना," ते म्हणाले, आणि माझ्या हातातल्या कपाकडे पाहून, "चहा जरा दूर धरा, ईवाई, मी हलून राहिलो." मी कप दूर धरला. दोन महिन्यांनी ते गेले.

गेल्या महिन्यात ईनबाईंनी त्यांच्या थोड्या वस्तू नातीला दिल्या. ती आता सतरा वर्षांची आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून थोडी आखडलेली आहेत, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. आमच्या बैठकीत, तेव्हा कूलर होता त्याच खिडकीखाली बसून तिने काळी डबी उघडली. आत रंग उडालेल्या सुतळीचा एक तुकडा होता, गाठीसकट. तिने तो बोटांनी फिरवून पाहिला. आबाजीची नात ती, गाठी तिला कळतात. "आजोबा," ती म्हणाली, "ही तर आबाजींची गाठ नाही." मी म्हटलं, "असेल कोणाची तरी," आणि पाणी प्यायला उठलो.

हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे. मग मुलाला, सुनेला आणि ईनबाईंना. नंतर स्मरणिकेत छापून येऊ दे, म्हणजे ज्यांनी सुतळ्या कापल्या त्यांनाही कळेल की त्या कापायचं कारण नव्हतं. त्या गल्ल्यांतल्या एकाही कूलरने कोणा मुलाला धक्का दिला नव्हता, माझ्या कूलरखेरीज. मजेदार लिहा म्हणाले होते. जेवढं जमलं तेवढं लिहिलं. राहिलं ते वाक्य. मौद्याच्या बसमध्ये तीन खेपा घोकलेलं, अजून पाठ आहे. ईवाई, ती सुतळी मी बांधली होती. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.